बिनधुराची भट्टी

मिस्त्री बिडी ओढत नसत. यामागे नीती, धर्म किंवा प्रकृती यांतलं काहीही नव्हतं. "बिडी म्हंजे वाईट बांधलेली भट्टी हाय," असं ते म्हणत. "वारा फुडनं जातो, जाळ मागं सरकतो, आन् निम्मी तंबाखू धूर हून जाती. आसल्या भट्टीला मी त्वांड लावनार न्हाई." दुपारच्या सुट्टीत आमच्या फौंड्रीतली माणसं भिंतीच्या सावलीला बसून बिड्या पेटवत, तेव्हा मिस्त्री समोर उकिडवे बसून प्रत्येकाच्या धुराची पारख करीत. "तुझी वल्ली हाय. तुझी लई घट्ट वळलीय, वारा न्हाई तिला. आन् तू रं, तू तर नुसतं पान जाळाय लागलायस." बिचाऱ्यांना ती दहा मिनिटं सुखाने जळू देत नसत.

फौंड्री नगरला, स्टेशनच्या अंगाला होती. उसाचे चरक, पंपांची आवरणं, नांगराचे फाळ असली ओतकामं तिथं होत. मी नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन लागलो होतो. पगारापेक्षा मला माझ्या स्लाइडरूलचा, म्हणजे हिशेब करायच्या सरकत्या पट्टीचा, अभिमान जास्त होता. ती शर्टाच्या खिशातून अशी डोकावेल याची मी काळजी घेई, की वाकलं की ती जमिनीवर पडे आणि ती उचलताना सगळ्यांना दिसे. मिस्त्री पंचावन्नच्या पुढचे. रेल्वेत तीस वर्षं फायरमन होते, म्हणजे इंजिनात फावड्याने कोळसा टाकायचं काम. निवृत्त होऊन काष्टी गावात घरी राहिले होते आणि पॅसेंजरने रोज नगरला येत. फौंड्रीच्या शेठनी त्यांना जुन्या भट्ट्यांची डागडुजी करायला रोजावर ठेवलं होतं. आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारी प्रार्थनेला जायचे, आणि त्या दिवशी भट्टीला हात लावायचा नाही हा नियम.

ते मला 'इंजनेर' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कधीच मोजता आलं नाही. स्लाइडरूलनेसुद्धा.

धूर दिसला की त्यांचं डोकं फिरे. "धूर म्हंजे जळायचा राह्यलेला कोळसा. चोरी हाय ती. तीस वर्सं मी कोळसा टाकला आन् त्यातला निम्मा आभाळात गेला." नगरच्या रस्त्याने ते कायम वर बघत चालत, आणि कुणाच्या तरी हातगाडीवर नाहीतर गाईवर जाऊन आदळत. स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो, तर हे सरळ मालकाच्या शेगडीकडे गेले आणि चिमट्याने निखारे इकडचे तिकडे लावू लागले. मालक खवळला. पाच मिनिटांनी त्याचं आधण भराभर उकळू लागलं, तरी तो म्हणाला, "मिस्त्री, चा प्यायला रोज या. पर शेगडीकडं बघायचं न्हाई." तेव्हापासून मिस्त्री तिथे शेगडीकडे पाठ करून चहा पीत. मधून मधून नुसता वास घेऊन कपाळाला आठी घालत, तेवढंच.

त्या साली पाऊस नव्हता आणि कोळसाही नव्हता. म्हणजे चांगला, ढेकळांचा कोळसा. वॅगनी आठवडेच्या आठवडे येत नसत. रेल्वेच्या यार्डात मात्र कोळशाच्या भुकटीचे ढीग पडून होते. ती भुकटी साध्या भट्टीत टाकली, तर एक तर जाळीतून खाली पडते, नाहीतर जाळावर बसून त्याचा जीव घेते. कुणी ती फुकट नेत नव्हतं. शेठनी आम्हाला दोघांना बोलावून विचारलं, ही भुकटी जाळून लोखंड वितळवता येईल का? मी म्हणालो की पुस्तकात यावर एक प्रकरण आहे. मिस्त्री म्हणाले, "जळंल." शेठना दोन्ही उत्तरं आवडली आणि त्यांनी आम्हाला एकाच कामाला जुंपलं.

पुस्तकातलं आणि मिस्त्रींचं म्हणणं खरं तर एकच होतं. भुकटी पिठासारखी बारीक करायची, वाऱ्याबरोबर भट्टीत फुंकायची, आणि ती हवेत असतानाच जाळायची. "खाली पडायच्या आत जळाय पायजे," मिस्त्री म्हणत. "पडली की कचरा." मला हे पटवायला त्यांनी रॉकेलची चिमणी पेटवली आणि चिमूटभर भुकटी ज्योतीवरून उडवली. फस्सकन हातभर जाळ उठला. माझ्या मिशा त्या काळी नवीन होत्या. त्यातली उजवी बाजू काही दिवस नव्हती.

पीठ करायला चक्की हवी होती. मीच मोठ्या हुशारीने बाजारातून एक जुनं, मिरची-मसाला कांडायचं यंत्र स्वस्तात मिळवलं. मिस्त्री म्हणाले, "धून घ्या, वाळवा, मंग चालवा." मी म्हणालो की कोळसाच तर दळायचा आहे, भाकरीचं पीठ थोडंच आहे? पहिली भुकटी एका जुन्या भट्टीत गेली आणि दहा मिनिटांत सगळी फौंड्री डोळे चोळत अंगणात आली. शेठ गाडीतून उतरले तेव्हा तीस माणसं त्यांच्यासमोर ढसाढसा रडत उभी होती. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. मिस्त्री नाकाला फडकं लावून म्हणाले, "कोन न्हाई गेलं शेठ. इंजनेरांनी फोडनी दिलीय."

भट्टी किती लांब असावी यावर आमचं वाजलं. मी हिशेब करून चार फूट काढले. मिस्त्री म्हणाले, "जाळ मागच्या भिताडाला थडकंल." मी त्यांना स्लाइडरूल दाखवली. भट्टी चार फुटांची बांधली. जाळ मागच्या भिंतीला थडकला, राख वितळून विटांवर काकवीसारखी बसली आणि आठ दिवस छिन्नीने खरवडत राहावं लागलं. खरवडताना मिस्त्री मधून मधून छिन्नी थांबवून विचारत, "चारच फूट ना इंजनेर?"

मग एका सोमवारी ते काष्टीहून आले ते डोळ्यांत चमक घेऊनच. आदल्या दिवशी त्यांनी रिकाम्या रानात वावटळ पाहिली होती. पाचोळा वर गेला आणि गरगरत एका जागी राहिला, खाली आला नाही. "वारा सरळ सोडायचाच न्हाई इंजनेर. पिळून सोडायचा. धुनं पिळत्यात तसा." त्यांनी पत्र्याची पाती वाकवून वाऱ्याच्या नळीच्या तोंडाशी बसवली. भुकटी भट्टीत शिरली की गिरक्या घेई. जाळ आखूड झाला, गोल झाला, पांढरा झाला. त्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून अंगणात नेलं आणि धुराड्याकडे बोट केलं.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"त्येच बघा," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ ते काहीच नसणं बघत उभे राहिलो.

त्या भट्टीला एकच वैरी होता, पाणी. भुकटी ओली झाली की तिच्या गुठळ्या होतात, गुठळी वाटेत अडकते, आणि अडकलेली गुठळी एकदम सुटली तर मूठभर जाळाच्या जागी पोतंभर जाळ उठतो. म्हणून मिस्त्री भुकटी पत्र्यावर पसरून दोन-दोन दिवस वाळवत. पाण्याचा माठ त्यांनी फौंड्रीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. ओल्या केसांनी कुणी आलं, तर त्याला उन्हात उभं करत. भुकटी वाळली की नाही हे बघायची त्यांची रीत अशी, की मूठ भरून घ्यायची आणि बोटांच्या फटींतून सोडायची. "पान्यासारखी व्हायली पायजे. पानी नसलं तरच ती पान्यासारखी वाहती." आणि भट्टी सुरू करण्याआधी, भुकटी भरायच्या नरसाळ्यासारख्या टाकीत, जिला आम्ही हॉपर म्हणायचो, ते डोळे मिटून कोपरापर्यंत हात घालत. गाभण म्हशीचं पोट चाचपावं तसे तळापर्यंत चाचपत. मगच म्हणत, "चला."

मी एकदा प्रयोगशाळेतून ओलावा तपासून आणायची सूचना केली. त्यांनी शांतपणे आपली उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "हितनं किती लांब हाय ती?"

भट्टीचा नकाशा मी काढला. मिस्त्रींना सही करता येई, पण नकाशा काढता येत नव्हता. मी निळसर कागदावर सुबक रेघा ओढल्या आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, 'रचनाकार' या शब्दापुढे, सुंदर अक्षरात स्वतःचं नाव घातलं. मिस्त्रींनी बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिव्हलंय?" मी म्हणालो, "ते काही नाही, कागद कुणी काढला ते लिहायची पद्धत असते." त्यांनी मान हलवली. खोटं मी फारसं बोललो नव्हतो. त्या वयात मला असं निम्मं खरं बोलायची चांगलीच सवय लागली होती, आणि पुढे ती फार उपयोगी पडली.

ही चाचणीची छोटी भट्टी. मोठी बांधायची तर पुण्याच्या एका कचेरीची मंजुरी लागत होती. त्या कचेरीचे दोन साहेब बघायला येणार, त्यांना पटलं तर मोठी भट्टी होणार आणि मिस्त्री तिचे कायमचे प्रमुख होणार. नाही पटलं तर ही छोटीसुद्धा मोडून विटा दुसरीकडे वापरायच्या, असं शेठनी स्वच्छ सांगितलं होतं. कायम होण्याचं मिस्त्रींना विशेष नव्हतं. स्टेशनकडे चालत जाताना ते मला एकदा म्हणाले, "येक मोठी हून द्या इंजनेर. मंग कुनी इचारलं, जन्मभर काय केलं, तर धूर केला आसं सांगाय नको."

साहेबांना रविवारच सोयीचा होता. मिस्त्रींचं तोंड पडलं. मी त्यांना समजावलं, शेठनी समजावलं, शेवटी ते म्हणाले, "प्रार्थना उरकून येतो. आकराला. तवर कुनी हात लावायचा न्हाई." शनिवारी संध्याकाळी त्यांनी वाळलेली भुकटी स्वतः हॉपरमध्ये भरली, झाकण लावलं. भट्टी आधी तापलेली असल्याशिवाय भुकटी पेट घेत नसे, म्हणून रविवारी पहाटेपासून आत लाकडं पेटवायची, हे दोन माणसांना पढवून ठेवलं.

रविवारी सकाळी शेठच्या आईंचा निरोप आला की पूजा केल्याशिवाय नवं काम दाखवायचं नाही. गुरुजींना एका लग्नाचं निमंत्रण होतं. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या आडनावाला तर हे यायलाच पाहिजे." मला मुंजीत शिकवलेलं तेवढं येत होतं, आणि ते मी मुंजीच्या मांडवातच विसरलो होतो. पण नाही म्हणायची मला कधीच सवय नव्हती. शिवाय तीस माणसं बघत होती.

पूजा म्हटली की देवाला स्नान आलं. भट्टी रसरसलेली, तिला आंघोळ घालणं शक्य नव्हतं. राहिला हॉपर. त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, झाकण उघडलं, आत कुंकू-अक्षता वाहिल्या आणि आठवतील ते मंत्र म्हणत पळीपळीने पाणी आत सोडायला सुरुवात केली. पाय धुवायला एक पळी, आचमनाला एक. मंत्र संपले, पण माणसं हात जोडून उभीच होती, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी तांब्यात उरलेलं पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न आला. पूजेचं पाणी जमिनीवर ओतणं बरं दिसलं नसतं. मी ते हॉपरच्या कडेने आत सोडलं.

मला मिस्त्रींचा नियम आठवला नाही असं नाही. आठवला. मी खिशातून स्लाइडरूल काढून मनाचं समाधानही केलं. चार पोती भुकटी, एक तांब्या पाणी, म्हणजे शेकड्याला अर्धंसुद्धा नाही. हिशेब अगदी बरोबर होता. फक्त पाणी सरासरीने पडत नाही, ते जिथे पडतं तिथेच पडतं, हे डिप्लोमाला नव्हतं.

साहेब साडेदहालाच आले. मिस्त्री अकराला, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, प्रार्थनेहून थेट. हार त्यांनी पाहिला. दुसऱ्याच्या देवाला ते कधी काही बोलत नसत. मग सदऱ्याची उजवी बाही वर सरकवत हॉपरकडे निघाले.

आत भुकटीवर कुंकू होतं, अक्षता होत्या. त्यांच्या हाताला त्या लागल्या असत्या, ओल लागली असती, आणि तीस माणसांसमोर आणि पुण्याच्या साहेबांसमोर त्यांनी मला विचारलं असतं, इंजनेर, ह्ये काय केलं?

मी आडवा गेलो. "अहो मिस्त्री, साहेब केव्हाचे उभे आहेत."

"हात घालून बघतो. येक मिन्टाचं काम."

"काल तुम्हीच भरलीय ना? तुमच्या हाताने?"

"व्हय, पर..."

"मग स्वतःवर विश्वास नाही का तुमचा?"

हे वाक्य मला त्या वेळी फार चलाख वाटलं. मिस्त्रींनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाही खाली केली. "चला," म्हणाले.

पहिली पंधरा मिनिटं भट्टी अशी चालली की विचारू नका. साहेब अंगणात जाऊन धुराड्याकडे बघून आले. थोरले साहेब धाकट्यांना म्हणाले, "आश्चर्य आहे." मी गळ्यातला टाय नीट केला. तेवढ्यात मिस्त्रींनी मान वाकडी करून कान दिला. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. "भुकटी बंद करा," ते ओरडले, आणि जाळ बघायला भट्टीच्या डोळ्याशी, म्हणजे आत बघायच्या भोकाशी गेले. आच लागू नये म्हणून उजवा हात कपाळाशी आडवा धरायची त्यांची सवय होती. तसा तो धरला. त्याच वेळी अडकलेली गुठळी सुटली.

भप्प असा आवाज झाला, आणि त्या भोकातून जाळाची जीभ बाहेर आली.

मिस्त्री मागे पडले. पडल्या पडल्या म्हणाले, "वारा चालू ऱ्हाऊ द्या." तेच बरोबर होतं. वारा बंद केला असता, तर आत साठलेल्या भुकटीने सगळी भट्टी उडाली असती. पहाटेपासून लाकडं घालणाऱ्या त्या दोन माणसांनी वारा चालू ठेवला. मी काय केलं? मी पळालो. भानावर आलो तेव्हा फाटकाबाहेर होतो आणि हातात पाहुण्यांसाठी आणलेल्या पेढ्यांचं ताट होतं. त्यातला एकही पेढा सांडला नव्हता.

मिस्त्रींचं तोंड वाचलं. उजव्या हाताची बोटं भाजली.

संध्याकाळपर्यंत फौंड्रीत दोन मतं झाली. काही म्हणाले, पूजा ख्रिस्ती माणसाला रुचली नाही, म्हणून देव कोपला. काही म्हणाले, मिस्त्रींनी रविवार मोडला, म्हणून त्यांचा देव कोपला. दोन्ही देवांवर आळ आला. तांब्याकडे कुणी बघितलं नाही, आणि तांब्या मी घासून जागेवर ठेवला होता.

थोरल्या साहेबांनी शेठच्या खोलीत मला विचारलं, "काय झालं असावं?"

मी म्हणालो, "भुकटीत ओल असावी."

"वाळवण्याचं काम कुणाकडे होतं?"

"मिस्त्रींकडे."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यांनी ती शेजारी शेजारी लिहून घेतली. मग नकाशा मागितला. तो माझ्या टेबलावर होता. मी "आणतो" म्हणून गेलो, दाढीच्या पात्याने कोपऱ्यातलं माझं नाव हलक्या हाताने खरवडलं, आणि रचनाकार म्हणून मिस्त्रींचं नाव घातलं. अक्षर पहिल्याइतकंच सुंदर आलं. मिस्त्रींचं नाव त्या भट्टीच्या कागदावर लागलं ते एवढंच, आणि ते असं.

दवाखान्यात मी मोसंबी घेऊन गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो, की सांगून टाकायचं. मिस्त्री हाताला पट्ट्या बांधून छताकडे बघत पडले होते. मला बघून म्हणाले, "इंजनेर, वल्ली कशी राह्यली वो? दोन दिस वाळवली. बोटातनं सोडून बघितली. कशी राह्यली?"

मी मोसंबं सोलायला घेतलं. म्हणालो, "थंडीचे दिवस आहेत. रात्री दव पडलं असेल."

"झाकान हुतं की."

"फटीतून गेलं असेल."

त्यांनी पट्ट्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "आसंल." ते 'दव' मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते जपून ठेवलं.

मंजुरी मिळाली नाही, शेठनी भट्टी मोडली. मिस्त्री बरे होऊन कामावर आले, पण बोटांची कातडी चामड्यासारखी झाली होती. स्पर्श गेला होता. आता मोडलेल्या भट्टीशेजारी ते भुकटी वाळवत बसत. कुणी सांगितलं नव्हतं. मूठ भरत, फटींतून सोडत, आणि जाणाऱ्या येणाऱ्याला थांबवून विचारत, "जरा बघा वो, कोरडी हाय का?" लोक बोट लावून "हाय की" म्हणत आणि पुढे जात. मिस्त्रींना ते पटत नसे. दुसऱ्या माणसाला विचारत. एकदा मला विचारलं. मी मूठ भरली आणि सोडली. पाण्यासारखी वाहिली. "कोरडी आहे मिस्त्री," मी म्हणालो. ते म्हणाले, "तुमाला काय कळतंय," आणि लगेच ओशाळले. "तसं न्हाई. मलाच कळंना झालंय."

शेठनी एक दिवस त्यांना घरी बसायला सांगितलं. बिड्या ओढणाऱ्यांची सुट्टी सुखाची झाली. त्यातला एक मला म्हणाला, "चुकल्यासारखं वाटतंय वो. वल्ली का कोरडी, कोनी सांगतच न्हाई."

पुढे तेलाची भट्टी आली. ती काळाभोर धूर ओकायची. मला बढती मिळाली. सांगायला लाज वाटते, पण अपघाताच्या वेळी मी डोकं शांत ठेवून परिस्थिती हाताळली, हे त्याचं एक कारण कागदावर होतं.

दोन-अडीच वर्षांनी शेठच्या आईंना गाय घ्यायची होती. काष्टीचा बाजार जनावरांसाठी मोठा. शेठ म्हणाले, "तुम्ही जा, तुम्ही इंजिनियर आहात." मी गेलो, एक गाय सगळ्या बाजूंनी बघितली, मला तिच्यातलं काही कळलं नाही, म्हणून घेतली नाही. मग विचारत विचारत मिस्त्रींच्या घरी गेलो.

मिस्त्री ओट्यावर बसले होते. वाळले होते. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याबरोबर होते. मला बघून मिस्त्री उठले. "ह्ये आमचे इंजनेर," त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं. "दवाखान्यात मला बघाय आलेला येवढा येक मानूस." आणि आत हाक मारली, "आगं, भाकरी टाक. नगरचं पाव्हनं आल्यात."

शेजारी निघून जाईपर्यंत मी थांबलो. मग सगळं सांगितलं. आडून नाही, एकामागून एक. पूजा, पळी, तांब्या, हॉपरच्या कडेने सोडलेलं पाणी. हात घालू दिला नाही तो कशासाठी. दवाची गोष्ट. पात्याने खरवडलेलं नाव. बोलताना मनात कुठेतरी मला माझ्या धैर्याचं कौतुकही वाटत होतं. तो दुर्गुण माझा गेला नाही.

मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी तो चामड्यासारखा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"इंजनेर," ते म्हणाले, "तुमी लई चांगले हाय."

"मिस्त्री, मी खरं सांगतोय."

"कळतंय मला. म्हाताऱ्याच्या जिवाला लागून ऱ्हायलंय, त्ये तुमाला बघवंना. म्हून आपल्या अंगावर घेताय. तुमच्यावानी शिकलेला मानूस, रोज माज्याजवळ हुबा ऱ्हायलेला, भुकटीत तांब्याभर पानी वततंय व्हय? शेंबडं पोर वतनार न्हाई." ते किंचित हसले. "चूक माजीच. हात घालून बघाय पायजे हुतं. तुमी काय, कुनीबी आडवं आलं तरी बघाय पायजे हुतं. भट्टी कुनाची, माजी का तुमची?"

"पण मीच..."

"झालं आता."

त्यांच्या बायकोने दारातून हाक मारली, "दादा, हात धुवा."

जेवायला बसलो. भाकरी, पिठलं, कांदा. मिस्त्री डाव्या हाताने जेवत होते. मिस्त्रींच्या बायकोने दुसरी भाकरी वाढली, मी खाल्ली. तिसरी वाढली, तिलाही मी नको म्हणालो नाही. खोट्या माणसाला भूक कमी लागते असं कुणाचं म्हणणं असेल, तर ते चूक आहे.

स्टँडपर्यंत ते मला सोडायला आले. एस्टी लागली होती. मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "इंजनेर, ह्ये तांब्याचं मला बोलला तसं दुसरीकडं कुठं बोलू नका. शेठच्या कानावर गेलं आन् त्येस्नी खरं वाटलं, तर तुमची नोकरी जायाची. भल्यापनापायी मरू नका."

चार फुटांच्या भट्टीपासून त्या रविवारपर्यंत मिस्त्रींनी मला जे जे सांगितलं, त्यातलं मी एकही ऐकलं नव्हतं. हे मात्र तंतोतंत ऐकलं. पुढची सगळी वर्षं, शेठ होते तोवर आणि त्यांच्या मागेही, मी त्या फौंड्रीत कुणाजवळ एक अक्षर बोललो नाही.